दिवाळीनंतर आणलेली कोकरं, धुळवडीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. घर नागपुरात बेसा भागात, घरात दोन लहान मुलं. उमरेड रोडवर दोन एकर वावर, तिथं विहीर, जुना कोठा (गुरांचा गोठा) आणि राखणीला एक जोडपं. दिवाळीनंतर तीन-चार कोकरं आणायची, हिवाळाभर वाढवायची आणि धुळवडीपर्यंत घरचं मटण तयार व्हावं असा विचार. विचारलंय चार गोष्टींबद्दल: कोकरू घ्यावं की बोकड, थंडीत ती टिकतील का, खायला काय घालायचं, आणि शेवटी कापायचं कुठं नि कसं.

मी तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून कळमेश्वर-काटोल पट्ट्यात गावोगाव फिरलो. आता घरची पंधरा-वीस मेंढरं सांभाळतो. हौसेनं आणलेली जी कोकरं माझ्या डोळ्यांदेखत गेली, त्यांतली फार थोडी थंडीनं गेली. बहुतेक मालकाच्या मायेनं गेली. आणल्या दिवशीच टोपलंभर दाणा पुढं ठेवला, दोन दिवसांत खेळ खलास. म्हणून तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं देतोच, पण पहिले तीन आठवडे कसे काढायचे यावर सगळ्यांत जास्त लिहिणार आहे.

कोकरू की बोकड? नागपूरकर जिभेनं बोकडाचा. मेंढराचं मटण म्हटलं की लोक नाक मुरडतात, "वास येते" म्हणतात. तो वास म्हाताऱ्या मेंढीचा असतो, चरबीचा असतो, आणि सोलताना लोकर मांसाला घासली तर त्याचा असतो. सात-आठ महिन्यांच्या, नीट सोललेल्या कोकराच्या मटणाला तसा वास येत नाही. चव सौम्य असते आणि शिजायला वेळ कमी लागतो. हिवाळ्यापुरतं पाळायचं असेल तर कोकरू सोयीचंही आहे. अंगावर लोकर असते, थंडी सोसतं. बकरी कुंपणावर चढते, झाडाच्या साली काढते. शेजारी संत्र्याची बाग असेल तर एका दुपारीत भांडण उभं राहतं. कोकरू मान खाली घालून गवत खातं आणि कळप सोडत नाही. बोकडच हवा असेल तर आपल्या विदर्भाची बेरारी जात चांगली, काटक आहे. पण बोकडाला पाला हवा, मोकळीक हवी, आणि कोवळा खच्ची केला नाही तर मोठेपणी त्याचा उग्र दर्प येतो. तुमच्या जागेचा विचार करता मी कोकरंच घेईन. नर घ्या, खच्ची करू नका. आठ महिन्यांच्या आत कापायचीत, तोवर खच्चीकरणाचा फायदा काही नाही, उलट वाढ थोडी मंदावते. फक्त त्यांच्यात मादी ठेवू नका.

एकच कोकरू कधीही आणू नका. एकटं मेंढरू दिवसभर ओरडतं, खात नाही, खंगतं. तीन बरी, चार उत्तम.

घेताना आठवडी बाजारापेक्षा ओळखीच्या कळपातून घ्या. बाजारात दहा गावांची जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभी असतात. आपल्याकडचे धनगर-कुरमार हे मेंढपाळ आहेत, शिवाय दिवाळीनंतर काठेवाडी मंडळी मेंढरं घेऊन वावरा-वावरात उतरतात, शेतकरी खतासाठी रात्री त्यांची मेंढरं बसवून घेतात. त्यांच्याकडे पावसाळ्यात जन्मलेली, साडेतीन-चार महिन्यांची कोकरं असतात. सकाळी कळप चरायला निघायच्या आधी जा. कोकरू धरायच्या आधी त्याला पन्नास पावलं पळू द्या आणि बघा: खोकला येतो का, लंगडतं का, मागं पडतं का. मग धरा. शेपटीखाली लोकर घाणीनं चिकटलेली असेल तर सोडून द्या. ओठांवर खपल्या असतील तर तो मावा. तो सगळ्यांना लागतो आणि माणसाच्या हातालाही लागतो. पाठीच्या मणक्यावरून अंगठा फिरवा. हाडं करवतीसारखी टोचायला नकोत. तोंड उघडून दात बघा, आठही दुधाचे, बारीक असायला हवेत. पुढचे दोन मोठे दात आले असतील तर ते वर्षाच्या पुढचं जनावर आहे, कोकरू म्हणून विकत असले तरी.

आणि डोळ्याची खालची पापणी हलक्या हातानं ओढून आतला रंग बघा. हे शिकून घ्या, कारण पुढचे चार महिने दर पंधरा दिवसांनी तुम्हाला हेच करायचंय. आतली कड लालबुंद किंवा गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढुरकी असेल तर पोटातले जंत रक्त पीत आहेत. पावसाळा खाऊन आलेल्या कोकरात हे हमखास असतं. जास्त झालं की जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. तशी दिसली तर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. मौदा, रामटेक, भंडाऱ्याकडच्या धानपट्ट्यातलं जनावर असेल तर यकृतातल्या चपट्या कृमींचाही विचार करावा लागतो. बोडीच्या (लहान तळ्याच्या), बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) काठावर चरलेल्या मेंढरांत ते असतात आणि त्यांचं औषध वेगळं आहे.

वजन अंदाजानं करू नका. ताणकाटा असेल तर पोत्यात घालून टांगा. नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, लोकर दाबून. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर २१ आणि लांबी २१ असेल तर १४ किलो. मला विचाराल तर १३ ते १५ किलोचं कोकरू घ्यावं. त्याहून लहान असेल तर आईचं दूध सुटलेलं नसतं आणि हिवाळाभर ते मागंच राहतं.

आता ते तीन आठवडे.

कोकरू तोवर आईच्या दुधावर, वावरातल्या गवतावर, बोरी-बाभळीच्या पाल्यावर वाढलेलं असतं. त्याच्या पोटात जे जिवाणू आहेत ते गवत-पाला आंबवणारे. त्यावर अचानक मका, गहू, भात पडला की पोटात आम्ल तयार होतं, पोट दगडासारखं होतं, हगवण लागते, कोकरू मान टाकून बसतं. दुसरा धोका आंत्रविषार. त्याचे जंतू निरोगी मेंढराच्याही आतड्यात असतात. दाणा एकदम जास्त झाला की ते बेसुमार वाढतात आणि विष सोडतात. आंत्रविषारानं कोण जातं? कळपातलं सगळ्यांत धष्टपुष्ट, सगळ्यांत खादाड कोकरू. म्हणून लोकांना ती करणी वाटते, नजर लागली वाटते.

माझ्या स्वतःच्या वाड्यात हे झालंय. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस, शेजारी मुलीचं लग्न. रात्री पंगत उठल्यावर उरलेला भात आणि पुऱ्या पोरांनी प्रेमानं माझ्या कोकरांपुढं टाकल्या. मी मुक्कामाला काटोलला होतो. सकाळी सातला परत आलो तर सगळ्यांत चांगलं, २२ किलोचं कोकरू आडवं पडलेलं, मान मागं ताणलेली, चारही पाय सायकल चालवल्यासारखे हलत होते. तोंडाला फेस. मी गुडघ्यावर बसून त्याच्या कानाला हात लावला, कान गार. अर्ध्या तासात गेलं. दुसऱ्याला खाण्याचा सोडा पाजून, डॉक्टरांना बोलावून वाचवलं, पण ते महिनाभर वाढलं नाही. आणि मी पेशानं पशुधन पर्यवेक्षक! दुसऱ्यांच्या जनावरांना लस टोचत फिरत होतो, घरच्यांचा दुसरा डोस राहिला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा हे असं करा. कोकरं आणली त्या दिवशी फक्त पाणी, त्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ, आणि समोर कोरडं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला सुका भुसा. दाणा अजिबात नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, सोबत ओळखीचा पाला: बोर, बाभूळ, सुबाभूळ, जे त्या कळपाला मिळत होतं ते. चौथ्या दिवशी जंताचं औषध, वजनाच्या हिशोबानं, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. औषध पाजताना तोंड आकाशाकडे करू नका, मान जमिनीला समांतर ठेवा आणि गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडा. घाईत फुप्फुसात गेलं तर औषधानंच न्यूमोनिया होतो. आठवड्यानं आंत्रविषाराची लस, मग चौदा ते एकवीस दिवसांनी दुसरी. दोन्ही टोचण्या झाल्याशिवाय संरक्षण पुरतं येत नाही, हे राखणदाराला दोनदा सांगा. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, त्याची लस कळपात झाली नसेल तर तीही करून घ्या; तीन-चार महिन्यांच्या पुढच्या पिलाला एकच टोचणी आणि तीन वर्षं काळजी नाही. दोन्ही लसी एकाच दिवशी नको, डॉक्टर सांगतील तेवढं अंतर ठेवा. तुमच्या वावरात दवाखाना लांब पडत असेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक राखणदाराच्या फोनमध्ये घालून ठेवा.

दाणा पाचव्या दिवसापासून. एका कोकराला दिवसाला ५० ग्रॅम, म्हणजे एक मूठ. दर आठवड्याला तेवढाच वाढवत न्या: दुसऱ्या आठवड्यात १००, तिसऱ्यात १५०. सहाव्या आठवड्यात ३०० वर आलात की थांबा, घरच्या मटणासाठी तेवढा पुरे. दिवसाचा दाणा एकदम देऊ नका, निम्मा सकाळी, निम्मा संध्याकाळी, आणि नेहमी आधी कुटार, मग दाणा. रिकाम्या पोटी दाणा म्हणजे पुन्हा तोच घोटाळा. चौघांनाही एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी लांब गव्हाण हवी, नाही तर दांडगं कोकरू दुबळ्याचा वाटा खातं: एकाला जास्त, एकाला काहीच नाही. एकदा एका कुरमार आजोबांनी मला सांगितलं होतं, "भाऊ, कोकराले दाणा असा लावजा का त्याले समजलं नाई पाह्यजे." यापेक्षा नेमकं मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नाही.

दाण्याचं मिश्रण घरीच करा. दहा किलोसाठी मक्याचा भरडा ४ किलो, तूर चुनी अडीच किलो, शेंगदाणा ढेप (पेंड) १ किलो, सरकी ढेप १ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम. सरकी आपल्याकडे मुबलक म्हणून लोक नुसती सरकीच घालतात. लहान जनावराला ती जास्त झाली तर बाधते, हात आखडता ठेवा. शेंगदाणा ढेपेला बुरशीचा वास येत असेल तर ती उकिरड्यावर टाका, "जनावरालाच तर घालायची" म्हणू नका. आणि खनिज मिश्रण शेळ्या-मेंढ्यांसाठीचंच मागा. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं. मेंढराला तांबं पचत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक कावीळ होऊन मेंढरू जातं. कोंबड्यांचं खाद्यही म्हणूनच नको. दुकानदार "सगळं एकच असते" म्हणेल, त्याचं ऐकू नका.

कोंड्याबद्दल एक सांगतो. नर कोकराला कोंडा आणि दाणा जास्त, पाणी कमी असं झालं की मुतखडा होतो. नागपूरच्या थंडीत हे हमखास होतं, कारण रात्रभर टाक्यात राहिलेलं पाणी बर्फासारखं गार असतं, कोकरू तोंड लावतं आणि परत फिरतं. सकाळी विहिरीचं ताजं पाणी उपसून द्या. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, ते कोकरू घटाघटा पितं. मीठ मिश्रणात आहेच, शिवाय चाटायला खड्याचं मीठ टांगून ठेवा. मीठ खाल्लं की पाणी प्यावंच लागतं. कोकरू पाय फाकवून, शेपटी हलवत कुंथताना दिसलं आणि थेंबथेंब मुतत असेल तर दाणा त्याच क्षणी बंद करून डॉक्टर. एक दिवस थांबून चालत नाही.

चारा तुम्हाला माहीत आहेच: सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, पुढं हरभऱ्याचं. एका कोकराला दिवसाला अर्धा किलो, सोबत किलोभर हिरवं. लसूणघास किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला दवानं ओला असताना घालू नका, पोट फुगतं. कापून दोन तास उन्हात सुकू द्या. ज्वारी कापलेल्या वावरात जे कोवळे फुटवे येतात त्यात विष असतं, तिथं एकही कोकरू सोडू नका. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात सोडताना शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते मालकाला स्वतः विचारा. काटोल-नरखेडकडे गळालेली संत्री जनावरांना घालतात. दोन-चार फोडी चालतात, आवडीनं खातात, पण टोपलंभर घातली की तेच आम्लाचं दुखणं.

आता थंडी. तुम्ही सगळ्यांत जास्त काळजी याची केली आहे आणि कोकराला सगळ्यांत कमी काळजी याचीच असते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्या रात्री माझी कोकरं एकमेकांना चिकटून, कोरड्या कुटारावर बसून होती. सकाळी उठून नेहमीसारखी गव्हाणीला आली. कोरडं कोकरू ही थंडी सोसतं. ओलं कोकरू दहा-बारा अंशांतही आजारी पडतं. आपल्याकडे माघ-फाल्गुनात गारा आणि अवकाळी पाऊस येतो, तो खरा वैरी. भिजलेली लोकर, वरून वारा, आणि दोन दिवसांत न्यूमोनिया. आभाळ भरून आलं की कोकरं आत. हिवाळ्यापूर्वी लोकर कातरू नका.

तुमचा जुना कोठा पुरेल. एका कोकराला दहा चौरस फूट धरा, चौघांना चाळीस. खाली मुरूम ठोकून घ्या, त्यावर कुटाराचा किंवा तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) थर, रोज वरून थोडा नवा. उत्तरेची बाजू तट्ट्यानं किंवा पोत्यांनी कोकराच्या उंचीपर्यंत बंद करा, वर मात्र फट उघडी राहू द्या. लोक प्लास्टिकनं सगळं गच्च बांधून टाकतात, आत मुताचा वास कोंडतो आणि त्यानंच खोकला लागतो. सकाळी आत जाऊन कोकराच्या उंचीवर खाली वाका आणि श्वास घ्या. तुमच्या डोळ्यांना झोंबलं तर त्यांच्या फुप्फुसांना रात्रभर झोंबत होतं.

दार मजबूत हवं. तुमचा भाग उमरेड-कऱ्हांडला जंगलापासून फार दूर नाही, बिबट्याची भीती वाटणं साहजिक आहे, पण मी जास्त नुकसान मोकाट कुत्र्यांनी केलेलं पाहिलंय. चार कुत्री मिळून आत शिरली तर एकाला मारून खात बसत नाहीत, सगळ्यांना फाडून जातात. दाराला खालच्या बाजूनं फट नको, जाळी नुसती तारेनं बांधलेली नको, चौकटीत ठोकलेली हवी, आणि वरूनही बंद. कोकरं दव उतरल्यावर, दहाच्या सुमारास बाहेर काढा, पाचच्या आत कोंडा.

मुलांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी मी लिहितो. मुलं दर रविवारी वावरात येतील, कोकरांना कुरवाळतील, नावं ठेवतील. ठेवू द्या. पण पहिल्या दिवशीच त्यांना सांगा की ही कोकरं आपण खाण्यासाठी वाढवतोय, आणि म्हणूनच त्यांना चांगलं ठेवायचंय. माझ्या मुलीला आम्ही सांगितलं नव्हतं, सातवीत होती. धुळवडीच्या दिवशी तिनं रिकामा कोठा पाहिला आणि दोन वर्षं मटणाला हात लावला नाही. कोकरू गेल्यापेक्षा आम्ही लपवलं याचं तिला जास्त लागलं होतं. दुसऱ्या मुलाला पहिल्यापासून सांगितलं. तो रडला, पण रागावला नाही.

हे सगळं नीट झालं तर कोकरू दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढतं. १४ किलोचं कोकरू चार महिन्यांत २६-२७ किलोवर येतं, सोलल्यावर बारा किलोच्या आसपास मटण, शिवाय मुंडी, खूर, कलेजी, वजडी. त्यासाठी एका कोकराला सगळा मिळून तीसेक किलो दाणा आणि साठ किलो कुटार लागतं. गव्हाणीत पायदळी जाणारं धरून चौघांसाठी तीन क्विंटल कुटार ठेवा. आजचे भाव लावून हिशोब तुम्ही करा. राखणदाराची मजुरी वेगळी द्यावी लागली नाही तर फायद्यात राहाल, पण माझ्या मते फायदा हे हा खटाटोप करायचं कारण नसावं. आपल्या ताटातलं जनावर काय खाऊन वाढलं, त्याला कधी कुठलं औषध दिलं, हे तुम्हाला दिवसानिशी माहीत असतं. ते विकत मिळत नाही.

औषधावरून आठवलं. जंताचं औषध असो की प्रतिजैविक, दिल्यानंतर ठरावीक दिवस ते जनावर कापायचं नसतं. बाटलीवर ते दिवस लिहिलेले असतात. कोठ्याच्या दारावर खडूनं तारीख लिहून ठेवा.

कापण्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. महापालिकेच्या हद्दीत घरी, अंगणात, गच्चीवर जनावर कापता येत नाही, ते मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच व्हायला हवं आणि तिथं डॉक्टर जनावर तपासतात. वावरात, गावाकडे करायचं असेल तरी ग्रामपंचायतीत विचारून घ्या आणि अनुभवी खाटीक बोलवा. हे काम यूट्यूब पाहून करायचं नाही. तुमच्या अडाणी हाताचा त्रास त्या जिवाला होतो. आदल्या रात्री दाणा-चारा बंद, पाणी सुरू. कोकराला शांत, इतरांपासून दूर, पण अगदी एकटं वाटणार नाही असं बांधा. पळवून, दमवून, घाबरवून कापलेल्या जनावराचं मटण काळपट आणि चिवट होतं, हे खाटीकही सांगेल.

आणि चारही कोकरं धुळवडीला ठेवू नका. त्या दिवशी पहाटेपासून प्रत्येक खाटकाकडे रांग, तुमच्या कोकराला कोणी नीट हात लावणार नाही. मार्चमध्ये नागपुरात दुपारी पस्तिशी गाठलेली असते, मटण टिकत नाही. पहिलं कोकरू जानेवारीच्या शेवटी घ्या, थंडीत. सगळ्यांत पुढं गेलेलं, २२-२३ किलोचं. सोलताना लोकरीची बाहेरची बाजू मांसाला लागू देऊ नका, एका हातानं कातडं, दुसऱ्यानं मांस, असं खाटकाला सांगा. लगेच रस्सा करायचा नसेल तर मटण मोठ्या तुकड्यांत एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि मग शिजवा, ते मऊ होतं. सावजी करणार असाल तर गुर्द्याभोवतीची चरबी काढून टाका आणि तेल निम्म्यावर आणा, कोकराच्या अंगचं तेल भरपूर सुटतं.

कलेजी कापून बघितल्याशिवाय कढईत घालू नका. त्यात पानासारखे चपटे कृमी असतील तर ती फेका. पाण्यानं भरलेले पांढरे फुगे कलेजीवर किंवा फुप्फुसावर दिसले तर तो भाग कुत्र्याला कधीही टाकू नका. कुत्र्याच्या पोटात त्याचे कृमी होतात, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि तीच पुढं तुमच्या मुलांच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसले फुगे करतात. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरा. हे राखणदाराला समोर उभं करून दाखवा, कारण कापल्या दिवशी कुत्री आधीपासून वाट बघत बसलेली असतात.

एक काम दिवाळीच्या आधीच करा. सोयाबीन आताच निघतंय, मळणीनंतर लोक कुटार बांधावर तसंच सोडतात किंवा पेटवून देतात. शेजाऱ्यांना आज बोलून ठेवा, तीन क्विंटल कोरडं कुटार कोठ्याच्या माळ्यावर चढवा. तुरीचं नवं कुटार जानेवारीत येईल, हरभऱ्याचं त्याहून उशिरा, धुळवडीच्या तोंडावर. मधले दोन-अडीच महिने कोकरं याच कुटारावर काढतील.